उलट्या अंगाच्या खुणा

दोघी बहिणी. थोरली दुकानांच्या पाट्या रंगवायची, धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची. थोरली शिडीवर चढून, एक ब्रश दातांत आणि एक हातात धरून, दुकानांच्या माथ्यावर हातभर अक्षरं काढायची. धाकटी लोकांच्या नाकावर काचा बसवून "आता दिसतंय? आणि आता?" असं दिवसभर विचारत राहायची. "एक बहीण लिहिते आणि दुसरी ते वाचायला डोळे देते, सगळा धंदा घरातल्या घरात," अशी लोक थट्टा करायचे. थोरलीला ती थट्टा मनापासून आवडायची. त्यातलं 'घरातल्या घरात' तर फारच.

वर्षातला एक दिवस मात्र पाट्यांचाही नसे आणि चष्म्यांचाही नसे. तो कड्यांचा दिवस. नदीच्या अंगाला उंच उभे कडे होते, कड्यांवर दाट रान होतं आणि रानातून काठाकाठानं जाणारी एक पायवाट होती. उन्हाळ्यात ती वाट कुणालाही सापडायची. पण पानगळ सरत आली की पानांचा घोटाभर थर पडे आणि वाट त्याखाली अशी गुडूप होई, की जन्मभर तिथं चाललेला माणूसही गोंधळून उभा राही. तेव्हा वाट जमिनीवर नसायची, झाडांवर असायची. दर पंधरावीस पावलांवर एका बुंध्यावर पांढरी खूण, चार बोटं रुंद आणि वीतभर उंच. ऊनपावसानं ती खूण वर्षभरात विटायची, म्हणून पानं गळली की ती नव्यानं काढायची. वाट राखणाऱ्या मंडळानं ते काम थोरलीवर सोपवलं, त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

काम दोघींचं होतं, एकटीचं नव्हे. जाताना बुंध्याच्या त्या अंगाला रंगवायचं, जे जाणाऱ्याला दिसेल. येताना त्या अंगाला, जे येणाऱ्याला दिसेल. थोरली पुढं होऊन जुनी खूण तारेच्या ब्रशनं खरवडायची आणि नवी काढायची. धाकटी मागच्या खुणेपाशी उभी राहायची आणि तिथून नवी खूण नजरेत आली की ओरडायची, "दिसली!" तिनं 'दिसली' म्हटल्याशिवाय थोरली पुढचं झाड धरत नसे. दिवसभर रानात तेवढा एकच शब्द फिरत राहायचा, आणि त्या एका शब्दावर थोरलीचं अख्खं वर्ष निघायचं.

यंदा धाकटीनं दोन दिवस आधी सांगितलं, "ताई, डॉक्टरीण पण येतेय हं आपल्याबरोबर."

"कुठं?"

"कुठं काय? कड्यावर! तिला कधीचं यायचंय."

"बरं," थोरली म्हणाली. तिच्याकडं दोन तऱ्हेचं 'बरं' होतं. हे दुसऱ्या तऱ्हेचं होतं, आणि धाकटीला ते कळलं नाही. हेच मुळात थोरलीला लागलं. पूर्वी कळायचं.

डॉक्टरीण गुराढोरांची होती. गेल्या वसंतात ती चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला आली. उंच, रुंद खांद्यांची, आणि हसली तर खालच्या दुकानातल्या काचा किणकिणतील अशी हसणारी. आल्यापासून धाकटीच्या तोंडी तिचंच नाव. डॉक्टरीण अशी म्हणाली, डॉक्टरीण तशी म्हणाली. पूर्वी रविवारी धाकटी थोरलीकडं जेवायला यायची. आता एक रविवार गाय अडली म्हणून गेला, एक रविवार घोड्याचा दात काढायचा म्हणून गेला. "घोड्याचा दात काढायला तू कशाला?" थोरलीनं विचारलं होतं. "मी कंदील धरला ना," धाकटी म्हणाली, आणि तिचे डोळे असे चमकले जसे काही तिनं घोडाच उचलून धरला होता. थोरली तिला मनात ढोरवैदीण म्हणायची. तेवढंच समाधान.

सकाळी चढणीच्या पायथ्याशी धाकटी आणि डॉक्टरीण उभ्या होत्या. डॉक्टरणीच्या गळ्यात करड्या लोकरीचा मफलर होता. थोरलीनं तो ओळखला. ओळखणार नाही तर काय, दोन हिवाळ्यांपूर्वी टाका न् टाका तिनंच घातला होता, धाकटीच्या वाढदिवसाला.

"ताई!" डॉक्टरीण लांबूनच ओरडली. "तुम्हाला त्रास नाही ना माझा? हिनं सांगितलं, ताई रागावणार नाहीत."

ताई म्हणायला ही कोण, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं. ती म्हणाली, "त्रास कसला. रान काय माझ्या बापाचं आहे?"

"तुझ्या बापाचं असतं तर माझ्याही असतं," धाकटी म्हणाली, आणि दोघी हसल्या. दोघी म्हणजे त्या दोघी.

चढण सुरू झाली. हवेत गारवा होता, ऊन पिवळं आणि पातळ होतं. रान उघडंबोडकं झालं होतं. फांद्यांच्या जाळीतून खाली नदी दिसत होती, करडी आणि संथ, एखादं मोठं जनावर पाठ शेकत पडावं तशी. पायांखाली पानं चुरत होती. एरवी त्या आवाजानं थोरलीचा जीव निवायचा. आज तिच्या कानांना पानं ऐकूच येत नव्हती, पानांच्या वरचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

पहिल्या झाडाशी ती खूण काढून थांबली. मागून काही नाही.

"दिसली का गं?"

"अं? हो हो, दिसली!"

दुसऱ्या झाडाशी तीनदा विचारावं लागलं. पाचव्याशी धाकटी जागेवर नव्हतीच. डॉक्टरीण तिला कसलीशी विष्ठा दाखवत होती आणि दोघी वाकून ती एखादा दागिना पाहावा तशी पाहत होत्या.

"ताई, कोल्हा आहे इथं! ये ना बघायला!"

"माझ्या हातात ओला ब्रश आहे," थोरली म्हणाली.

एक जुनं गाणं होतं दोघींचं. लहान असताना चढणीवर धाप लागू नये म्हणून थोरलीनं ते जुळवलं होतं. धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती आणि दर दहा पावलांवर "मला कडेवर घे" म्हणायची. गाणं म्हटलं की चालायची. ते दोघींनी कुणाला ऐकवलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. आता पानांच्या चुरचुरीतून थोरलीला ते मागून ऐकू आलं, धाकटीच्या आवाजात, शिकवल्यासारखं थांबत थांबत.

वाट गं वाट कशी पानांत निजली,
एकीनं हाक दिली, दुसरीला कळली.

आणि मग तो दुसरा, जाडसर, बेसूर आवाज. तो ओळ म्हणून थांबला नाही. त्यानं आपली एक ओळ पुढं चिकटवली.

तिसरी धापा टाकी, मागं गं राहिली!

"अगं भन्नाटच!" धाकटी टाळी वाजवून म्हणाली. भन्नाट हा शब्दही डॉक्टरणीचाच. वसंतापूर्वी तो धाकटीच्या तोंडी नव्हता.

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कुणीतरी घरात शिरून, न विचारता, आपल्या ताटात हात घालावा तसं तिला झालं. ती वळून म्हणाली, "तुम्ही या निवांत. मागं उभं राहायची गरज नाही. एकोणीस वर्षं झालीत, मला अंदाज आहे. सपाट खडकावर भेटू."

"पण ताई, यंदा वाट वळवलीय ना कुठंतरी?" धाकटीनं विचारलं.

"आहे. मी खूण करीन तिथं. खूण दिसली की वळायचं."

वाट वळवली होती हे खरं. पावसाळ्यात कड्याचा एक लांबलचक पट्टा खाली कोसळला होता. जुनी वाट तिथं अगदी काठावरून जायची. मंडळानं आता तिला वरच्या बाजूला, रानाच्या आतून फिरवलं होतं. नवी वाट कुठून फुटायची ते ठरवायला दोन आठवड्यांपूर्वी मंडळी आली, तेव्हा थोरली होती, धाकटी नव्हती. तो गाय अडल्याचा रविवार. जुन्या वाटेवरच्या खुणा तपकिरी रंगानं पुसायच्या होत्या, पण तो डबा थोरलीनं येतानासाठी पिशवीच्या तळाशी ठेवला होता.

फाट्यावर एक जाड बुंध्याचं झाड होतं. थोरली त्याच्यापाशी पोचली, गुडघे टेकून डबा उघडला. तिथून मागची चढण सरळ दिसायची. आपण त्यांच्याकडं बघतोय हे त्यांना दिसू नये, म्हणून ती बुंध्याच्या आड झाली. हात आपलं काम करत होते. ते इतके सरावलेले होते की त्यांना डोळे लागत नव्हते. डोळे होते खालच्या वाटेवर. डॉक्टरणीनं धाकटीच्या केसांतलं पान काढलं. धाकटीनं काहीतरी सांगितलं, हातवारे करून. काय सांगत असेल? थोरलीच्याच गोष्टी असतील, शिडीवरून रंगाच्या डब्यात पडल्याची वगैरे. हसणार. हसल्याच.

खूण झाली. थोरली पुढच्या झाडाकडं गेली, त्याच्याही आड झाली. मग त्याच्या पुढच्या. नव्या वाटेवरची झाडं जवळजवळ होती आणि मधे झुडपं नव्हती, त्यामुळं बराच वेळ त्या दोघी फांद्यांमधून दिसत राहिल्या, आधी अख्ख्या, मग नुसती डोकी, मग करड्या मफलरचा तुकडा. मग तेही दिसेना. तरी ती आडूनच रंगवत गेली, कान मागं लावून. अकरा झाडं झाली तेव्हा सपाट खडक आला.

ती बसली. एरवी इथं दोघी पाठीला पाठ लावून बसायच्या. उकडलेली अंडी आणि पाव धाकटीच्या पिशवीत होता. थोरलीकडं एक संत्रं होतं. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. बसल्या असतील कुठंतरी मधेच, ती मनात म्हणाली. खात असतील. माझ्या वाटणीचं अंडंसुद्धा तिनं त्या ढोरवैदिणीला दिलं असेल, घे गं घे, ताईला भूक नसते.

तिनं रागारागानं संत्रं सोललं. तेवढ्यात खालून, लांबून, हाक आली. "ता‌ऽऽई!" मग दुसऱ्या, जाडसर आवाजात, "ताईऽऽ!"

थोरलीनं फोड तोंडात टाकली. आता आठवण झाली वाटतं. आणि तीही दोघींना मिळून? हा कसला नवा खेळ? माराव्यात हाका. कळू दे एकदा, हाक मारली आणि कुणी ओ दिली नाही तर कसं वाटतं ते.

तिनं ओ दिली नाही.

हाक पुन्हा एकदा आली, आणि मग आली नाही. संत्रं संपलं. साली तिनं एकावर एक रचल्या. मग वाऱ्याची एक झुळूक आली, तिचे हात एकदम गार पडले आणि तिला वाटलं की ही शांतता काही बरोबर नाही. त्या दोघी आणि शांत? ती उठली आणि आल्या वाटेनं परत निघाली.

समोर झाडं उभी होती आणि प्रत्येक झाडावर खूण लखलखत होती. ओली, पांढरी, धारदार कडांची. काय देखणं काम झालंय, असं क्षणभर तिच्या मनात आलंच, कारागिराच्या मनात येतंच. दुसरं झाड, तिसरं झाड, सगळ्या खुणा तिच्याकडं तोंड करून. चौथ्या झाडाशी तिचे पाय थांबले.

या खुणा तिला दिसायलाच नको होत्या.

ती झाडाला वळसा घालून पलीकडं गेली. जाणाऱ्याच्या अंगाला नुसती साल होती, करडी आणि कोरी. ती धावत पाचव्याशी गेली. तिथंही साल. सहाव्याशीही साल. एकोणीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं. प्रत्येक झाडामागं लपून ती त्यांना बघत राहिली होती, आणि हाताला जे अंग सापडलं त्यावर हात रंगवत गेला होता. बाकीची झाडं तिनं पाहिली नाहीत. ती पळत सुटली.

फाट्यावरच्या पानांत पावलांच्या ओळी स्पष्ट होत्या. त्या वळल्या नव्हत्या, सरळ गेल्या होत्या, जुन्या खुणांच्या मागं, काठाकडं. "चिमणे!" ती ओरडली. हे नाव तिनं तीस वर्षांत घेतलं नव्हतं. "चिमणे गं!"

"इथं आहोत!" डॉक्टरणीचा आवाज आला. "जपून या ताई, काठानं येऊ नका!"

धाकटी एका झाडाला टेकून बसली होती. तोंड पांढरंफटक, एक पाय उघडा, घोट्याला तो करडा मफलर आवळून बांधलेला. डॉक्टरणीची एक बाही खांद्यापासून फाटली होती आणि कोपर रक्तानं माखलं होतं. त्यांच्यापलीकडं वाट दहा पावलं जाऊन संपत होती. तिथं नुसती मुळं लोंबत होती, आणि मुळांच्या खाली, फार खाली, नदी. जिथं काठ ताजा खचला होता त्याच्या अलीकडं एक मोठी वाळकी फांदी आडवी ओढून ठेवलेली होती, मागून कुणी येऊ नये म्हणून. हेही हिलाच सुचलं, असं थोरलीच्या मनात आलं. अशा वेळीसुद्धा आलं.

"पाय मोडलाय?"

"मुरगळलाय नुसता," डॉक्टरीण म्हणाली. ती हसत नव्हती. "जमीन खचली पायाखालची. कमरेपर्यंत खाली गेली होती ही. पिशवीचा पट्टा माझ्या हाताला लागला म्हणून वाचली. पण शहाणी आहे, माझे बाकीचे पेशंट लाथा मारतात."

धाकटी त्यावर हसली नाही. ती डॉक्टरणीकडं वळून, दातओठ खात म्हणाली, "तुझ्या बडबडीपायी झालं हे. तू सारखी बोलत होतीस. माझी नजर चुकली खुणेवरची."

डॉक्टरणीचा चेहरा उतरला. "हो गं. माझंच चुकलं. मीच गुंतवलं तुला." मग थोरलीला म्हणाली, "खरंच ताई, मी यायला नको होतं. मी तिला म्हटलंही होतं की ही वाट बरोबर वाटत नाही. पण हट्टानं थांबवायला हवं होतं मी."

"तू म्हणालीस," धाकटी म्हणाली, "पण मी ऐकणार कशी? मला माहीत होतं ना, वळण असतं तर खूण असती. ताई खूण विसरत नाही. दिसली नाही म्हणजे मीच पाहिली नसणार."

आणि तिनं थोरलीचा हात धरला. सकाळपासून पहिल्यांदा. डॉक्टरणीकडं पाठ करून ती थोरलीला बिलगली, सहा वर्षांची असताना बिलगायची तशी. "पुढच्या वर्षी आपण दोघीच येऊ, ताई. दोघीच."

सहा महिने थोरलीला जे हवं होतं ते सगळं एका क्षणात तिच्या पदरात येऊन पडलं. तिला काही करायचंही नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. डॉक्टरीण खाली मान घालून फाटकी बाही गुंडाळत होती. तिच्या कोपराचं रक्त मनगटापर्यंत आलं होतं आणि तिला ते दिसलंच नव्हतं.

थोरली गप्प बसली. एक क्षण, दोन क्षण. धाकटीचे केस तिच्या हनुवटीला लागत होते. ती गप्प बसली, आणि तिला वाटलं, बसू शकेन मी अशी.

मग ती म्हणाली, "खूण आहे. उलट्या अंगाला आहे."

"काय?"

"फाट्यावरच्या झाडाला. येतानाच्या अंगाला काढलीय मी. पुढच्या सगळ्या तशाच. अकराच्या अकरा."

धाकटीनं डोकं वर उचललं. "तू? उलट्या अंगाला?"

"झाडाआडून बघत होते तुम्हाला."

"आम्हाला? कशाला?"

दुकानांच्या पाट्यांवर थोरलीनं हजारो शब्द काढले होते, त्यातला एकही इथं चालणारा नव्हता. "पोटात दुखत होतं माझ्या," ती शेवटी म्हणाली. "तू हिला गाणं शिकवलंस."

खाली नदीवर एक पाखरू ओरडत गेलं. धाकटीनं थोरलीचा हात सोडला, झटकला नाही, नुसता सोडला.

"आम्ही हाका मारल्या. ऐकल्यास?"

यावर नाही म्हणता आलं असतं. रान होतं, वारा होता.

"ऐकल्या," थोरली म्हणाली.

धाकटी बराच वेळ तिच्याकडं पाहत राहिली, दुकानात एखाद्याच्या डोळ्यांत पाहावं तशी, अगदी आतपर्यंत. मग तिनं हात पुढं केला, डॉक्टरणीकडं. "उठव मला."

डॉक्टरणीनं तिला उठवलं, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. थोरलीही पुढं झाली, पण धाकटी म्हणाली, "तू नको. तुझ्या अकरा खुणा आहेत. उद्या सकाळी शाळेची मुलं येणार आहेत या वाटेनं, माहितेय ना? त्या आधी कर. आणि या जुन्या पुस."

"तू चालशील एवढं?"

"ही आहे ना."

ही आहे ना. थोरलीनं ते गिळलं. तिनं डॉक्टरणीच्या कोपराकडं पाहिलं, पिशवीतलं स्वच्छ फडकं काढलं आणि काही न बोलता तिच्या हाताला बांधलं. गाठ मारताना ती डॉक्टरणीच्या डोळ्यांत न पाहता म्हणाली, "उतारावर हिला डाव्या बाजूनं धर. घाई करते ही. करू देऊ नकोस."

"नाही करू देत," डॉक्टरीण म्हणाली. आणि थोडं थांबून, "तुम्ही लवकर या."

थोरलीनं फाट्यापासून पुढच्या जुन्या खुणा तपकिरी रंगानं पुसल्या, एकही न सोडता. मग ती जाड बुंध्याच्या झाडापाशी आली. जाणाऱ्याच्या अंगाला रंगवायचं तर तिला झाडाकडं तोंड करून, चढणीकडं पाठ करून उभं राहावं लागत होतं. त्या दोघी उतरत होत्या त्या चढणीकडं. पानं चुरत होती, तीन पावलांचा आवाज, दोन सरळ आणि एक ओढल्यासारखं. तिनं साल घासली. वरची कड धरली, डावी धरली, उजवी धरली. आवाज लांब जात होता.

मग खालून हसू आलं. आधी धाकटीचं, बारीक, आणि लगेच ते दुसरं, दांडगं. हसतेय म्हणजे पाय फार दुखत नसणार, थोरलीला वाटलं. आणि त्याच वेळी बरगड्यांच्या खाली, सकाळी दुखलं होतं नेमक्या त्याच जागी, पुन्हा दुखलं. काही कमी नाही, तेवढंच.

ती वळली नाही. खालची कड सरळ ओढली, डबा उचलला आणि दुसऱ्या झाडाच्या योग्य अंगाला जाऊन उभी राहिली.